विश्लेषण : बुलेटचा सायलेन्सर बदलला, तर कायदा कुणाला धरतो?

‘एमएच २८’ पाटीच्या जुन्या-नव्या बुलेट बुलढाणा जिल्ह्यात खामगावपासून मेहकरपर्यंत दिसतात. गाडी घरी आली की अनेकदा पहिला बदल होतो तो सायलेन्सरचा. खर्च काही हजारांचा, पण त्यासोबत येणारी जबाबदारी मात्र अनेकांना ठाऊक नसते. विशेषतः गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा असेल तेव्हा.

बुलेटचा आवाज वेगळा का?

जुन्या ३५० बुलेटचे इंजिन एकाच सिलिंडरचे, ३४६ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. लांब धावेमुळे हे इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देते आणि प्रत्येक स्फोट सुटा ऐकू येतो. हीच ती ‘डुगडुग’. इंजिनातून झटक्याझटक्याने बाहेर पडणाऱ्या वायूचा जोर सायलेन्सरमधील कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या कमी करतात. ‘फटाका’ सायलेन्सरमध्ये ही रचना काढलेली किंवा नावापुरती असते. त्याने गाडीची ताकद आपोआप वाढत नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत संपूर्ण एक्झॉस्ट बदलला, तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निघून जाऊ शकतो.

मर्यादा किती?

१७५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीला उत्पादनावेळच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचे गणित साधे नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. पीयूसी चाचणीत पेट्रोल दुचाकीचा धूर तपासतात, आवाज नाही. त्यामुळे ‘पीयूसी आहे’ हे उत्तर इथे उपयोगाचे नाही.

जिल्ह्यात हा प्रश्न अधिक जाणवतो. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जातो, पण त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. लांबचा प्रवासही गावे, बाजारपेठा आणि घाटांतून होतो. बुलढाण्याहून बोथामार्गे खामगावला जाणारा रस्ता तर ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे.

शिक्षा कुणाला?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

कलम १९०(२) आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडण्याबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. हे कलम चालवणाऱ्याबरोबर चालवू देणाऱ्यालाही लागू होते. म्हणजे वडीलही सुटत नाहीत. मुलगा अल्पवयीन असेल, तर कलम १९९-अ नुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तसेच गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते. म्हणून चलनावरचा आकडा कायद्यातील कमाल दंडापेक्षा कमी असू शकतो.

मग हौस करायचीच नाही का?

आसन, पाठटेका, सामानाची जाळी अशा मूळ रचनेला हात न लावणाऱ्या गोष्टींना सहसा अडचण नसते. रंग आरसीवर नोंदलेला असतो, त्यामुळे तो बदलल्यास आरटीओकडे नोंद हवी. चासी कापून बॉबर किंवा चॉपर बनवणे मात्र थेट नियमभंग आहे. मोठे बदल विमा कंपनीला कळवले नाहीत, तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहू शकतो.

वडिलोपार्जित गाडीचे काय?

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षे टिकते. पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे येतात, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. मुख्य अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. आजोबांची जावा किंवा बुलेट आज कापली, तर उद्या हा दर्जा मिळणे अवघड होईल.

जुनी गाडी घेताना म्हणूनच आधी आरसी हातात घ्यावी. त्यावरचा इंजिन क्रमांक, चासी क्रमांक आणि रंग गाडीशी जुळतो का, ते पाहावे. आणि मूळ सायलेन्सर विक्रेत्याकडे पडून असेल, तर तो आधी मागून घ्यावा.