विष बंद, पण पर्याय हातात



रानबदके व हंसांची शिकार आपल्याकडे कायद्याने बंद आहे. अमेरिकेत परवान्याने चालते. चुकलेले छर्रे पाणथळीच्या तळाशी साचत. बदके ते खडे समजून गिळत व शिशाच्या विषाने मरत. म्हणून १९९१ पासून तिथे या शिकारीत शिशाच्या छर्‍यांना देशभर बंदी आली. पोलाद हलके, म्हणून शिकारी दोन नंबर जाड छर्रा घेतात आणि फार लांबून बार काढत नाहीत. जुन्या बंदुकीच्या नळीला पोलाद सोसत नाही, तिला बिस्मथ. कुरकुर झाली, पण शिकार थांबली नाही.

फवारणीच्या औषधांवर बंदी घालणार्‍यांना आमचे हेच सांगणे आहे: विष जरूर बंद करा, पण त्याआधी चालणारा पर्याय शेतकर्‍याच्या हातात द्या!