सुकाणू गेले की इंजिन?

नेत्याने राजीनामा दिला, की इंग्रजी वृत्तपत्रे त्याच्या पक्षाला ‘रडरलेस’ ठरवून मोकळी होतात. राहुल गांधींनी २०१९ मध्ये अध्यक्षपद सोडले तेव्हापासून २०२२ मध्ये खर्गे निवडून येईपर्यंत काँग्रेस हे विशेषण अंगावर वागवत होती. मराठी अग्रलेखांतही मग सुकाणू हरवते. शब्द झोकदार आहे. निदान मात्र बरेचदा चुकते.

सुकाणू निकामी झालेले जहाज थांबत नाही, हीच खरी भीती. २६ मे १९४१ च्या संध्याकाळी ब्रिटिश विमानाचा टॉर्पेडो जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’च्या मागच्या भागावर आदळला आणि सुकाणू डावीकडे वळलेल्या अवस्थेतच अडकले. इंजिने फिरत होती, तोफा शाबूत होत्या. जायचे होते फ्रान्सच्या किनाऱ्याला. नौका वळली पाठलागावरच्या ब्रिटिश ताफ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुडाली. दोन हजारांहून अधिक माणसे गेली.

बाल्टिमोरला २६ मार्च २०२४ च्या पहाटे नेमके उलटे घडले. ‘डाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली, मुख्य इंजिन बंद पडले. सुकाणू जागेवरच होते. पण ते काम करते अंगावरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर. मागचा पंखा थांबला, की तो जोर ओसरतो. जहाज पुलाच्या खांबावर गेले, पूल कोसळला, वर काम करणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले.

ज्या पक्षाच्या शाखांना कुलपे आहेत आणि बूथवर बसायला माणूस नाही, त्याचा आजार ‘डाली’चा. तिथे नवा अध्यक्ष बसवून काय वळणार? तरी चर्चा रंगते ती अध्यक्ष कोण होणार याचीच. (नावांच्या पैजा लावणे सोपे, शाखा मोजत हिंडणे कष्टाचे.)

मुंबई महापालिकेची तऱ्हा आणखी वेगळी. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. तिलाही कुणी दिशाहीन म्हटले. पण अर्थसंकल्प मांडले जात होते, कंत्राटे निघत होती, रस्ते खोदले जात होते. सुकाणू होते आणि धरणारा हातही होता. कुठे निघालात, असे सभागृहात उभे राहून विचारणारे नगरसेवक तेवढे नव्हते.