लहरी मोटार आणि मालकीचे सुख

पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने आपले काम चोख करावे, एवढीच सामान्य माणसाची माफक अपेक्षा असते. पंखा फिरेनासा झाला किंवा घड्याळ मागे पडू लागले, की तो दुकानदाराशी भांडतो. आणि त्यात वावगे असे काहीच नाही. या सार्वत्रिक नियमाला एक चमत्कारिक अपवाद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत इंग्लंडमध्ये तयार झालेल्या छोट्या, उघड्या, दोन आसनी स्पोर्ट्स मोटारींनी आपल्या धन्यांना जितके छळले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या यंत्राने छळले असेल. आणि तरीही या मोटारींवर त्यांच्या धन्यांनी जी माया केली, ती निर्दोष मोटारींच्या वाट्याला सहसा आलेली नाही. आज इतक्या वर्षांनंतरही ब्रिटन-अमेरिकेतील असंख्य घरांत त्या जिवापाड जपल्या जातात. हौशी लोकांचा खुळेपणा म्हणून हा विषय सोडून देणे सोपे आहे. परंतु माणूस आणि यंत्र यांच्या नात्याविषयी, किंबहुना 'मालकी' या शब्दाच्या अर्थाविषयीच, या लहरी मोटारी काही सांगू पाहतात; आणि ज्याने आयुष्यात कधी स्पोर्ट्स मोटारीला हात लावलेला नाही, अशा शिक्षकानेही वा कारकुनानेही आज ते ऐकावे, असे त्याचे मोल आहे.

एकाच घराण्यातील दोघी

उदाहरणादाखल एम. जी. ही मोटार घेऊ. ऑक्सफर्ड येथील 'मॉरिस गॅरेजेस' या पेढीच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. पेढीचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस मोटारीच्या सांगाड्यावर हलके, देखणे अंग चढविले आणि त्यातून हे घराणे उदयास आले. १९२९ पासून ऑक्सफर्डनजीकच्या ॲबिंग्डन गावी तिचा कारखाना होता. महायुद्धानंतर डॉलरसाठी आसुसलेल्या ब्रिटनने ही मोटार अमेरिकेत धाडली. तेथे पाठविलेल्या 'टी. सी.' या मोटारीचे चक्र उजव्या बाजूस, म्हणजे अमेरिकन रस्त्यांच्या हिशेबाने भलत्याच बाजूस होते. तरीही तिने तेथील तरुणांना वेड लावले. पुढे १९६२ साली 'एम. जी. बी.' आली, ती १९८० पर्यंत टिकली आणि तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

या परदेशी सुंदरीचे आपल्याशी असलेले एक नाते फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. १९५५ च्या 'एम. जी. ए.' मध्ये १४८९ घन सेंटिमीटरचे 'बी' मालिकेतील इंजिन होते. त्याच मालिकेतील, तेवढ्याच क्षमतेचे इंजिन दीर्घकाळ आपल्या ॲम्बॅसडरमध्ये धडधडत होते. कारण २०१४ पर्यंत उत्तरपाड्यास तयार होणारी ॲम्बॅसडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्डचीच आवृत्ती. इंग्लंडातील नागमोडी रस्त्यावरून वाऱ्याशी शर्यत लावणारी लाल एम. जी. आणि जिल्हाधिकारी कचेरीच्या आवारात उभी असलेली पांढरी ॲम्बॅसडर या अशा एकाच घराण्यातील दोघी. तात्पर्य, एम. जी. च्या अंतरंगात दैवी असे काहीच नव्हते. तिचे काळीज एका सामान्य कौटुंबिक मोटारीचे होते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

छळ आणि सुख

या मोटारींच्या अपराधांची यादी लांबलचक आहे. इंजिनाच्या मागील टोकाशी तेल अडविण्याची व्यवस्था इतकी अपुरी होती, की गाडी जेथे उभी राही तेथे जमिनीवर तेलाचा डाग पडे. पेट्रोल पुढे ढकलणारा विजेचा पंप मधेच मौन धारण करी. मग चालकाने खाली उतरावे, हातोडीने वा बुटाच्या टाचेने पंपावर एक टोला हाणावा आणि त्याची समाधी भंग करावी, अशी रीत होती. एम. जी. ए. च्या दाराला बाहेरून मूठच नव्हती. एम. जी. बी. च्या सुरुवातीच्या काही गाड्यांचे कापडी छत सुटे असे. त्याचा सांगाडा जोडून वर छत ताणेपर्यंत पावसाची सर येऊन निघूनही जाई. विजेच्या उपकरणांची कथा तर विचारूच नये. ती पुरविणाऱ्या बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीच्या संस्थापकाला मोटारवाल्यांनी 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवी बहाल केली होती. थट्टेत अतिशयोक्ती असतेच. पण भर रस्त्यात दिवे गेलेल्या माणसाला ती अतिशयोक्ती वाटली नसणार.

मग सुख कोठे होते? वेगात म्हणावे, तर एम. जी. बी. ची शक्ती अवघी ९५ अश्वशक्ती होती. आजच्या अनेक घरगुती मोटारी तिला सहज मागे टाकतील. परंतु वेग असणे आणि वेग जाणवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या मोटारीत माणूस जवळजवळ जमिनीलगत बसतो. डोक्यावर आभाळ असते, इंजिनाचा प्रत्येक हुंकार कानी पडतो आणि रस्त्यातील बारीकसा खडाही चक्रातून तळहाताला कळतो. ताशी पन्नास मैलांचा वेग येथे जो थरार देतो, तो बंदिस्त, वातानुकूलित मोटारीत ऐंशीलाही मिळत नाही.

दुसरे सुख याहून खोल आहे आणि ते मोटार उभी असताना मिळते. एम. जी. बी. ला दोन कार्ब्युरेटर असत. ते दोन्ही सारख्याच प्रमाणात हवा ओढतात की नाही, हे पाहण्याची जुनी पद्धत अशी, की रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे, दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी न्यावे आणि सूं-सूं असा आवाज जुळेपर्यंत स्क्रू हलक्या हाताने फिरवीत राहावे. तंबोरा जुळविणाऱ्याला या प्रक्रियेतील आनंद समजावून सांगण्याची गरज नाही. काही पाने, एक पेचकस आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर या यंत्राचे बहुतेक दुखणे घरच्या घरी बरे करता येई. ज्याने आपल्या हातांनी बिघाड शोधला, भाग उतरविला, साफ केला आणि परत बसविला, त्याला इंजिन सुरू होण्याच्या त्या पहिल्या क्षणी जे समाधान लाभते, ते पावती फाडून विकत मिळत नाही. ती मोटार त्या दिवशी खऱ्या अर्थाने त्याची होते.

कारखानदारांचा गैरसमज

येथपर्यंत वाचून कोणी असा निष्कर्ष काढील, की खोड्या होत्या म्हणूनच या मोटारी प्रिय झाल्या. नेमका हाच निष्कर्ष ब्रिटिश कारखानदारांनी काढला आणि तो त्यांच्या मुळावर आला. गिऱ्हाईक सोसते आहे, हसत हसत सोसते आहे, तेव्हा सुधारणा करण्याची घाई कशाला, ही वृत्ती बळावली. १९६८ साली अनेक कंपन्या एकत्र होऊन ब्रिटिश लेलँड हा अवाढव्य उद्योग उभा राहिला. १९७० साली याच उद्योगाच्या ट्रायम्फ शाखेने 'स्टॅग' ही देखणी उघडी मोटार बाजारात आणली. रोव्हरचे आठ सिलिंडरांचे कसाला उतरलेले इंजिन घरातच उपलब्ध असता, तिला निराळे इंजिन देण्यात आले. पाणी खेळविणारा पंप या इंजिनात उंच जागी बसविलेला होता. पाण्याची पातळी थोडी उतरली, की अभिसरण खुंटे, इंजिन तापे आणि ॲल्युमिनियमचे डोके वाकून गॅस्केट जाई. सात वर्षांत सुमारे सव्वीस हजार गाड्या काढून 'स्टॅग' बंद पडली. १९७५ साली आलेल्या 'टी. आर. ७' ची निर्मिती लिव्हरपूलनजीकच्या स्पीक येथील कारखान्यात होई. संप आणि सदोष बांधणी यांनी तिचे नाव बद्दू झाले आणि १९७८ साली तो कारखाना बंद झाला.

एम. जी. बी. चा अपराध निराळा होता. अठरा वर्षे तिच्यात मूलगामी सुधारणा अशी झालीच नाही. अमेरिकन सुरक्षा नियमांची पूर्तता करण्यासाठी १९७४ साली तिला जाड रबरी बंपर लावले, तिची उंची वाढविली; परिणामी वळणावर ती पूर्वीपेक्षा अधिक कलू लागली. १९७९ च्या सप्टेंबरात ॲबिंग्डन येथे कारखान्याची पन्नास वर्षे थाटाने साजरी करण्यात आली आणि उत्सवाचे तोरण उतरते न उतरते तोच कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची गाडी बाहेर पडली. पुढे नावे तेवढी हातोहाती फिरत राहिली. एम. जी. हे नाव आज एका चिनी कंपनीकडे आहे आणि २०१९ पासून भारतात त्या नावाच्या मोटारी विकल्या जातात. १९६१ साली 'ई-टाइप' या मोटारीने जगाला मोहिनी घालणारी जॅग्वार २००८ साली मुंबईच्या टाटांकडे आली. ज्या देशाने जगाला स्पोर्ट्स मोटारीचे वेड लावले, त्याच्या पदरी आपल्या मोठ्या मोटार कंपन्यांची मालकी फारशी उरली नाही. ग्राहकाच्या प्रेमाला गृहीत धरण्याची ही किंमत होय.

कारखानदारांचा निष्कर्ष चुकीचा होता, हे जपानने सिद्ध करून दाखविले. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात माझदा कंपनीने 'एम. एक्स. ५' ही छोटी, उघडी, दोन आसनी मोटार मांडली. इंग्लंडच्या जुन्या मोटारींचे, विशेषतः १९६२ च्या लोटस एलानचे, सारे गुण तिने उचलले होते. हलके वजन तेच, हाताला रस्ता कळविणारे चक्र तेच. फरक एवढाच, की ही मोटार सकाळी हटकून सुरू होई. २०१६ साली माझदाने दहा लाखावी 'एम. एक्स. ५' तयार केली. खोड्या नाहीशा झाल्याने प्रेम आटले नाही. उलट ते अधिकांच्या वाट्याला आले. याचा अर्थ सरळ आहे. लोकांनी बिघाडावर प्रेम केले नव्हते. बिघाड असूनही जे उरत होते, त्यावर त्यांनी प्रेम केले होते.

बंद झाकणाचा काळ

उरत होते ते काय? एक म्हणजे चालविण्यातील जिवंतपणा. आणि दुसरे म्हणजे यंत्राचा मोकळेपणा. हे यंत्र आपल्या मालकापासून काही लपवीत नसे. झाकण उघडले की कारण आणि परिणाम डोळ्यांसमोर उभे राहत. म्हणूनच कारखाना गेला तरी मोटार गेली नाही. मालकांनी मंडळे स्थापिली, सुटे भाग पुन्हा घडवून घेतले, 'स्टॅग'च्या तापटपणावर उतारे शोधले. १९८८ पासून तर ब्रिटनमध्ये मूळ साच्यांवर एम. जी. बी. ची संपूर्ण नवी अंगे तयार होऊ लागली. कारखानदाराने टाकून दिलेली वस्तू मालकांनी जगविली, कारण ती जगविण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी होते.

आजची परिस्थिती नेमकी उलट आहे. आजची मोटार क्वचितच बंद पडते आणि ही मोठीच प्रगती आहे. परंतु ती बंद पडली, की मालक तिच्यापुढे केवळ हतबुद्ध उभा राहतो. तिचा बिघाड संगणकाच्या सांकेतिक भाषेत नोंदलेला असतो आणि ती भाषा वाचण्याचे साधन पुष्कळदा कंपनीच्या दुकानापुरते राखून ठेवलेले असते. मोटारीचेच कशाला? ज्याची बॅटरी बदलणेही घरी शक्य नाही, असा मोबाईल आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पैसे आपले, वस्तू आपल्या घरात आणि झाकणाची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती, असा हा व्यवहार आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मोटारदुरुस्तीची माहिती मालकाला व स्वतंत्र कारागिराला मिळावी, असा कौल दिला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे व वाहने ही क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली. ही दिशा योग्य आहे. प्रश्न आहे तो तिच्यावरून चालण्याच्या निश्चयाचा.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. लहरी मोटारीचे कौतुक करणे ज्याच्या दारी दुसरी, विश्वासू मोटार उभी आहे त्यालाच परवडते. ज्याचे पोट रिक्षावर आहे वा ज्याला रोज वेळेवर शाळा गाठायची आहे, त्याला यंत्राच्या लहरीत काव्य दिसणार नाही, दिसूही नये. त्याला हवे असते न कुरकुरता चालणारे वाहन. परंतु दुरुस्तीचा हक्क सर्वांत अधिक लागतो तो नेमका यालाच. गल्लीतील मिस्त्री जो बिघाड थोडक्या खर्चात काढू शकला असता, त्यासाठी कंपनीच्या दुकानात अवाच्या सवा पैसे मोजताना कंबरडे मोडते ते हौशी माणसाचे नव्हे. शिवाय त्या मिस्त्रीच्या बोटांत साठलेली विद्या एकदा नाहीशी झाली, की ती कोणत्याही तंत्रनिकेतनात वर्षभरात पुन्हा उभी करता येणार नाही.

यंत्र चोख हवे की मोकळे हवे, असा पर्याय आपल्यापुढे ठेवला जातो, तो खोटा आहे. आपल्याला दोन्ही हवे आणि दोन्ही मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. सदोष मालावर ग्राहकाच्या मायेचे पांघरूण घालणारा कारखानदार इतिहासजमा झाला, हे ॲबिंग्डनने दाखविले. निर्दोष मालाला कुलूप घालून विकणारा कारखानदारही ग्राहकाला गृहीतच धरीत आहे, हे आपण वेळीच ओळखले पाहिजे. जी वस्तू उघडून पाहण्याची आपल्याला मुभा नाही, तिचे आपण मालक नसतो. फार तर भाडेकरू असतो.