जुन्या खेळाला तर्जुमान हवा

आज ज्यांचे वय पस्तीस-चाळीस आहे, अशा आपल्या साखरा-सेनगाव भागातल्या बऱ्याच जणांनी संगणक पहिल्यांदा हाताळला तो एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि तालुक्या-तालुक्यात असे क्लास निघाले. सर बाहेर गेले की वर्डची खिडकी खाली जायची आणि लाल टोपीवाला डेव्ह वर यायचा. कप उचलायचा, दार गाठायचे, आगीत पडायचे नाही. दुसरा आवडता खेळ होता ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. टोकदार सळयांवरून उडी चुकली की मागे बसलेले सगळे एकदम ‘अरेरे’ करत.

ती मुले आता अब्बा आणि मामू झाली आहेत. लेकरांच्या हातातला मोबाइल बघून त्यांना ते खेळ आठवतात. पेटीतली जुनी सीडी निघते, शहरातून आणलेला सेकंडहँड लॅपटॉप उघडला जातो. पहिली पंचाईत अशी की नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. कुणाकडून पेनड्राइव्हवर फाइल करून आणली, तर पडद्यावर इंग्रजीत सूचना येते की हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही. मग सीडी खराब झाली असे समजून ती फेकून दिली जाते. आम्हाला हे लिहावेसे वाटले ते या फेकून देण्यामुळे. बहुतेक वेळा सीडी चांगली असते.

याची गंमत आपल्या जिल्ह्याच्या माणसाला चटकन कळेल. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि त्या काळातले बरेचसे सरकारी दप्तर उर्दूत आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कागद शाबूत होता, शाईसुद्धा शाबूत होती, वाचणारा उरला नव्हता. डेव्हचे तेच झाले आहे. तो डॉस नावाच्या जुन्या प्रणालीसाठी, सोळा बिटच्या भाषेत लिहिलेला खेळ आहे. विंडोज ९८ ला ती भाषा घरची होती, नेहमीच्या एक्सपीलाही बऱ्यापैकी यायची. चौसष्ट बिटच्या विंडोजमधून ती काढून टाकली, आणि विंडोज ११ तर फक्त चौसष्ट बिटमध्येच निघाले. म्हणून नवा, महागडा लॅपटॉप जिथे हात टेकतो तिथे माळ्यावरचा बत्तीस बिटचा जुना संगणक तोच खेळ चालवून दाखवतो. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा विचार करा.

यावर उपाय दप्तराच्या बाबतीत आहे तोच, तर्जुमान बसवायचा. डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम २००२ पासून हे काम करतो. तो नव्या संगणकाच्या आत एक जुना संगणक उभा करतो आणि खेळाला वाटते आपण आपल्याच घरात आहोत. वापरायला अवघड नाही, फक्त माउसची सवय थोडा वेळ बाजूला ठेवावी लागते. सी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करून त्यात खेळाच्या सगळ्या फाइली टाका. फोल्डरचे नाव इंग्रजीत आणि आठ अक्षरांच्या आत असू द्या, डॉसला त्याहून लांब नाव झेपत नाही. डॉसबॉक्सच्या काळ्या पडद्यावर ‘माउंट’ हा हुकूम देऊन तो फोल्डर त्याला ‘सी’ म्हणून दाखवायचा, मग सी आणि कोलन टाइप करून आत शिरायचे आणि खेळाच्या फाइलचे नाव लिहून एंटर मारायचे. पडदा पूर्ण भरायला आल्ट आणि एंटर. माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ१०.

कधी खेळ चालतो, पण इतका सुसाट पळतो की डोळ्यांना दिसत नाही. काही जुने खेळ वेळ मोजत नसत, प्रोसेसरच्या वेगावरच चालत. प्रोसेसर शेकडो पटींनी वेगवान झाला तसे तेही पळायला लागले. जुन्या कॅबिनेटवर ‘टर्बो’ लिहिलेले बटण असायचे, ते कित्येकांना आठवत असेल. नावावरून वाटते वेग वाढवायचे, पण खरा उपयोग होता असल्या खेळांसाठी यंत्र मुद्दाम मंद करण्याचा! डॉसबॉक्समध्ये ते काम कंट्रोल आणि एफ११ करते, कंट्रोल आणि एफ१२ ने वेग पुन्हा वाढतो.

विंडोज ९५ ते एक्सपीच्या काळातल्या सीडीवरच्या खेळांची तऱ्हा निराळी. फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीत जुने विंडोज निवडले की काही चालतात. काही खेळ स्वतः बत्तीस बिटचे असतात, पण त्यांना बसवणारा इन्स्टॉलर सोळा बिटचा असतो, म्हणजे पाहुणा दारात उभा आणि दार उघडणारा गायब. आणि काहींमध्ये नक्कल रोखण्यासाठी सेफडिस्क नावाचे कुलूप होते. ते विंडोजच्या फार आतपर्यंत हात घालत असे, म्हणून २०१५ साली विंडोज १० आले तेव्हा सुरक्षेच्या कारणाने त्याचा आधारच काढला गेला. पैसे देऊन घेतलेली अस्सल सीडी त्यामुळे अडली, आणि कुलूप तोडलेली चोरीची मात्र चालते. आम्हाला हा न्याय काही पटत नाही.

चोरीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. क्लासमध्ये फिरणाऱ्या त्या फ्लॉप्या बहुतेक नकलाच होत्या. ‘प्रिन्स’मध्ये पहिली पायरी संपली की बाटल्यांची एक खोली येते. खेळाबरोबरच्या पुस्तिकेत बघून बरोबर अक्षराची बाटली प्यायची, म्हणजे पुस्तिका ज्याची, खेळ त्याचा. आजही अशा खेळांना ‘बेवारस’ म्हणून वाटणारी ठिकाणे इंटरनेटवर पुष्कळ आहेत. ते बेवारस नाहीत. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला जातो, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. डेव्ह लिहिणारे जॉन रोमेरो आणि प्रिन्स लिहिणारे जॉर्डन मेकनर दोघेही हयात आहेत. शिवाय अशा ठिकाणाहून खेळाबरोबर व्हायरस घरात येतो तो वेगळाच. गॉग नावाचे पोलंडचे दुकान २००८ पासून जुने खेळ हक्काने विकते, कित्येक खेळांत डॉसबॉक्स आतच बसवलेला असतो. काही खेळ मालकांनीच फुकट केले आहेत. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ २००३ मध्ये आणि विमानांचा ‘टायरियन’ २००४ मध्ये असा मोकळा झाला. सुरुवात त्यांच्यापासून करावी.

मेकनर यांची हकीकत मुलांना सांगण्यासारखी आहे. धावणे आणि उडी खरी दिसावी म्हणून त्यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र काढले. खेळ १९८९ साली निघाला. त्याचा मूळ मजकूर नंतर हरवला होता. २०१२ मध्ये वडिलांना घरात एक खोके सापडले, त्यात फ्लॉप्या होत्या. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि मेकनर यांनी तो मजकूर सगळ्यांना बघायला खुला केला. वीस-बावीस वर्षे फ्लॉपी टिकली हे नशीबच. तिच्यातले चुंबकत्व हळूहळू जाते, आणि सीडीही कायमची नसते.

कथेतला इराण मात्र मनावर घेऊ नका, तो अमेरिकेत बसून कल्पिलेला आहे. सुलतान लढाईवर गेलाय आणि जाफर नावाचा वजीर शाहजादीला डांबून ठेवतो. इतिहासातला प्रसिद्ध जाफर हा बगदादच्या हारून रशीदचा वजीर, बरमकी घराण्याचा. इ.स. ८०३ मध्ये खलिफानेच त्याला मारले. त्याच्या नावाची गोष्टींत अशी ओढाताण होईल हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक! पण याच खेळात एक जागा अशी आहे की आम्ही ती वर्गात सांगतो. आरशातून शाहजाद्याची सावली बाहेर पडते आणि पुढे वाटेत आडवी येत राहते. शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की जखम आपल्याला होते. तलवार म्यान करून पुढे चालत गेले की ती आपल्यात मिसळून जाते. आठवी-नववीची मुले यावर तास संपेपर्यंत भांडतात.

खेळाला मुदत साठ मिनिटांची. तासात शाहजादी सुटली तर सुटली, नाही तर खेळ संपला. मध्येच पैसे मागणारी पेटी नाही, डेटा लागत नाही, रात्री दोनला बोलावणारा आवाज नाही. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला बंदीचा कायदा करावा लागला. त्या खेळांशी याची तुलनाच नको. ‘एक तास खेळ आणि ऊठ’ असे अम्मीने सांगितले तर इथे खेळ तिच्या बाजूने उभा असतो.

हा आजार खेळांपुरताच नाही. इनपेजमध्ये टाइप केलेले उर्दू निकाहनामे आणि दुआंच्या वह्या, जुन्या मराठी फाँटमधले अर्ज, सगळे नव्या संगणकावर खिळे सांडल्यासारखे दिसतात. त्यावर पुढे कधी सविस्तर लिहू. तोपर्यंत घरातल्या सीड्या गोळा करा. यूएसबीला लागणारा सीडी ड्राइव्ह घरोघरी कशाला, मोहल्ल्यात एक पुरे. प्रत्येक सीडीची आयएसओ फाइल करून ठेवा आणि पेनड्राइव्हवर खेळाचे नाव नीट लिहून चिकटवा. पुस्तिका असेल तर तिचा फोटोही काढा. बाटल्यांच्या खोलीत तिची गरज पडेल.