गावाच्या नभोवाणीला गावची बातमी सांगू द्या

सातारा जिल्ह्यातील माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, आणि अशा अवर्षणग्रस्त मुलखात पाणी कोठवर आले, चारा कोठे मिळतो, कोणत्या योजनेचा अर्ज कोणत्या कचेरीत करावयाचा, या वार्तांचे मोल अन्नधान्याहून उणे नसते. या तालुक्यातील म्हसवड येथून २००८ सालापासून माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक नभोवाणी केंद्र चालते. लोकगीते, बचतीचा व कर्जाचा हिशेब, स्त्रियांचे आरोग्य, शेतीचा सल्ला असे विषय ते माणदेशाच्या बोलीत ऐकवते. परंतु त्याच तालुक्याच्या पंचायत समितीने काल कोणता ठराव मंजूर केला, हे स्वतः चौकशी करून, पडताळून श्रोत्यांस सांगण्याची परवानगी त्याच्या परवान्यात नाही. सामुदायिक केंद्रांनी बातम्या द्यावयाच्या तर त्या आकाशवाणीच्या, आणि त्याही मूळ स्वरूपात किंवा स्थानिक बोलीत अनुवादून, पण आशयात फेरफार न करता पुनःप्रक्षेपित करावयाच्या, असा केंद्र सरकारचा दंडक आहे. पाणी, वीज, साथीचे रोग यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेली जाहीर सूचना वाचता येते. पण त्या सूचनेप्रमाणे पाणी खरोखर आले की नाही, हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर प्रसृत केले, तर ती बातमी ठरण्याचा धोका आहे.

हा निर्बंध मला अन्यायाचा वाटतो, आणि त्याचे कारण या केंद्रांच्या इतिहासातच आहे. लहान गावाला स्वतःचा ध्वनी असावा ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातून अल्पशक्तीचे केंद्र सुरू केले आणि त्यास आकाशवाणी हे नाव दिले, जे पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने, पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत, जो शेतकरी मंडळांचा प्रयोग केला, तो तर जगभर अभ्यासला गेला. आठवड्यातून दोनदा वीसेक गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका व निर्णय पुण्यास लिहून कळवीत. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. श्रोता हा केवळ ऐकणारा नसून बोलणाराही आहे, हे त्या प्रयोगाने सप्रमाण दाखवून दिले होते.

याहून बोधप्रद हकीकत आपल्या शेजारच्या, जुन्या हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या मुलखातील आहे. झहीराबादजवळ, आजच्या तेलंगणात, माचनूर नावाचे खेडे आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांतील स्त्रियांनी, ज्यांत बहुसंख्य दलित, भूमिहीन किंवा अल्पभूधारक, तेथे गेल्या शतकाच्या अखेरीस ध्वनिमुद्रणाची खोली, यंत्रसामग्री व मनोरा उभारला. पण प्रक्षेपणाचा परवाना मिळेना, कारण सरकारी नियमांत अशा संस्थांना जागाच नव्हती. म्हणून जवळजवळ दहा वर्षे त्या स्त्रिया बियाणे, भरड धान्ये, औषधी वनस्पती, जात्यावरची गाणी व सणांचे विधी यांवरील कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत राहिल्या, आणि त्यांच्या फिती गावोगावच्या संघांच्या बैठकांत वाजवीत राहिल्या. मनोरा उभा आहे, बोलणारे आहेत, ऐकणारे आहेत, आणि मधली हवा मात्र सरकारी मालकीची असल्यामुळे बंद आहे, अशी ती दशकभराची अवस्था होती.

वास्तविक ती हवा सरकारच्या मालकीची नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजीच दिला होता. क्रिकेटच्या सामन्यांच्या दूरचित्रणावरून उद्भवलेल्या त्या दाव्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, नभोलहरी ही सार्वजनिक संपत्ती असून तिचा विनियोग लोकहितार्थ झाला पाहिजे, असे प्रतिपादन केले. तरीही शैक्षणिक संस्थांस परवाना मिळण्यास २००२ चे आणि लोकसंस्थांस मिळण्यास २००६ चे धोरण यावे लागले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूरचे संघम रेडिओ अखेर रीतसर सुरू झाले, त्याचे उद्घाटन न्यायमूर्ती सावंतांच्याच हस्ते झाले. एखाद्या न्यायाधीशास आपल्या निकालपत्राचे फळ अशा खेड्यात, अशा स्त्रियांच्या मुखी पाहावयास मिळावे, हे भाग्य विरळाच.

त्या २००६ च्या धोरणाने किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने, शक्यतो स्थानिक भाषेत तयार व्हावेत अशी योग्य अट घातली. मात्र स्थानिक माणसाच्या नित्य जीवनास सर्वांत जवळचा जो विषय, म्हणजे त्याच्या गावचा कारभार, तोच वर्ज्य ठेवला. मनाईच्या समर्थनार्थ दोन कारणे पुढे केली जातात: अशांत भागांत केंद्राचा दुरुपयोग होईल, आणि इतक्या केंद्रांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा सरकारजवळ नाही. पहिली भीती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. परंतु शंभर वॉट शक्तीचे, फार तर दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येणारे हे केंद्र; त्याच्या चालकांचा पत्ता सरकारच्या दप्तरी नोंदलेला; आणि प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन परवान्यानेच घातलेले. इतका पुरावा हाती असता, अपराध घडल्यावर त्याची चौकशी करण्याऐवजी सर्वांचेच तोंड आधी बंद करावे, ही रीत लोकसत्ताक राज्यास शोभत नाही. खाजगी वृत्तवाहिन्या अहोरात्र बातम्या देतात, वृत्तपत्रे देतात. नभोवाणीलाच ही मनाई का, असा प्रश्न करणारी याचिका कॉमन कॉज या संस्थेने २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात नेली होती.

निरक्षर स्त्रीस वृत्तपत्र उपयोगी नाही, आणि दिल्ली-मुंबईच्या वाहिनीला तिच्या ग्रामपंचायतीशी कर्तव्य नाही; तिच्या बोलीत तिला हाक मारणारे एकच साधन आहे, आणि त्यावर तिने पाककृती ऐकावी पण ग्रामसभेचा वृत्तांत ऐकू नये, अशी व्यवस्था आहे. २०२४ साली सरकारने सामुदायिक केंद्रांच्या धोरणात सुधारणा करून जाहिरातीची मर्यादा ताशी सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेली. केंद्रांची आर्थिक ओढग्रस्ती पाहता हे आवश्यकच होते, आणि त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ज्या धोरणात जाहिरातीसाठी पाच मिनिटे अधिक काढता येतात, त्यात बातमीसाठी दिवसाकाठी दहा मिनिटे काढणे अशक्य नसावे. आरंभी सर्व विषय खुले करण्यास सरकार कचरत असेल, तर ग्रामसभा, पंचायत समिती, नगरपालिका व बाजार समिती यांच्या कामकाजाचा वृत्तांत आकाशवाणीस लागू असलेल्या कार्यक्रमसंहितेच्या अधीन राहून देण्याची परवानगी प्रथम द्यावी, आणि ती देताना स्थानिक प्रशासनाच्या पूर्वसंमतीची अट मात्र घालू नये. कारण ज्याच्या कारभाराचा वृत्तांत द्यावयाचा, त्याच्याच सहीवर तो अवलंबून ठेवला, तर आजच्या जाहीर सूचनांपलीकडे म्हसवडच्या श्रोत्यास काहीच अधिक मिळणार नाही.