स्वयंभू म्हणजे स्वतःतून जन्मलेले नव्हे

‘प्रत्येक गोष्टीला कारण असते, मग ईश्वराचे कारण कोणते?’ एवढे विचारले की वाद मिटला असे अनेकांना वाटते. तो मिटत नाही. कारण लागते ते कार्याला, जे उत्पन्न होते त्याला. असलेल्या प्रत्येकाला ते लागते असे कोणी सिद्ध केलेले नाही. वैशेषिक सूत्रांत तर नित्याचे लक्षणच असे आहे की ते आहे आणि त्याला कारण नाही. गोंधळाला आपला ‘स्वयंभू’ हा शब्दही हातभार लावतो. त्यातून स्वतःलाच जन्म देणारे काहीतरी डोळ्यांपुढे येते, आणि ते खरोखरच अशक्य आहे: जन्म द्यायला आधी असावे लागते, आणि असेल त्याला जन्माची गरज नाही. १६४१ साली फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने ईश्वराला एका अर्थाने स्वतःचे कारण मानले तेव्हा आर्नोने हाच आक्षेप घेतला. तो बिनतोड आहे. पण त्याने स्वतःच स्वतःचे कारण असणे तेवढे खोडले जाते. कारणाविना असणे त्याच्या माऱ्यात येतच नाही.

मग असे अस्तित्व मानायचे तरी कशाला? बीजातून अंकुर, अंकुरातून बीज ही परंपरा अनादि मानायला आपल्याकडेही हरकत घेतलेली नाही. तत्त्वज्ञ ह्यूमच्या १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक संवादांत वीस कणांचा दाखला आहे: एकेकाचे कारण सांगून झाल्यावर विसांचे मिळून वेगळे कारण विचारणे गैरलागू. काळात मागे जाणाऱ्या साखळीपुरते हे मला मान्य आहे. पण इथे प्रश्न उत्पत्तीपेक्षा आधाराचा आहे. झाड या क्षणी आहे ते पेशींमुळे, पेशी रेणूंमुळे, रेणू अणूंमुळे. ही साखळी मागे जात नाही, खाली उतरते. आळीतल्या प्रत्येक घरी शेजारून उसने आणलेले पीठ आहे असे म्हटले, तर घरे कितीही वाढवली तरी पीठ आले कुठून हे कळत नाही. कोणाकडे तरी घरचे दळण हवे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन असे स्वतंत्र काही असणेच नाकारतो. स्वतंत्र स्वभाव असेल तर बदल घडणार नाही, आणि बदल तर दिसतो, असे त्याचे म्हणणे. त्यातून बदलणारे परतंत्र ठरते हे खरे. पण सारेच परतंत्र ठरायला सारेच बदलते हे आधी दाखवावे लागेल.

यातून ईश्वर सिद्ध झाला असे मात्र आस्तिकांनी समजू नये. निरीश्वर सांख्यांनी मूळ प्रकृतीला कारण असते असे मानले नाही आणि चेतन पुरुषालाही नाही. न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीसाठी झटणाऱ्या नैयायिक उदयनाचा ईश्वरसुद्धा परमाणू निर्माण करत नाही, त्यांची जुळणी करतो. परमाणू त्याच्याइतकेच नित्य. म्हणजे ईश्वराच्या सर्वांत कसलेल्या वकिलाच्या मांडणीतही कारणाविना असणे ही ईश्वराची एकट्याची खूण नाही. प्रकृतीचा पक्ष घेणाऱ्याने बदलत जाणारी वस्तू निराधार कशी उभी राहते ते सांगावे, आणि ईश्वराचा पक्ष घेणाऱ्याने जे स्वतंत्र आहे ते चेतनच का असावे ते.