ओसाड म्हणण्यापूर्वीं

एखाद्या जमिनीस ओसाड म्हणणें फार सोपें असतें. परंतु तसें म्हणण्यापूर्वीं ती नीट पाहिली आहे काय, असा प्रश्न क्वचितच कोणी करतो. सुप्याच्या आसपासच्या माळरानाविषयीं हा शब्द आम्ही वारंवार ऐकतों. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ह्याविषयीं थोडा विचार मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम दूरचें उदाहरण घेऊं. अंटार्क्टिका खंडांत फुलें येणाऱ्या वनस्पतींच्या मूळ जाती अवघ्या २ आहेत. बाकी मुख्यतः मॉस व दगडफूल. आपल्या देशानें १९८९ सालीं उभारलेला 'मैत्री' हा संशोधन-तळ ज्या शिरमाखर प्रदेशांत आहे, तेथेंही हींच तग धरून आहेत. हीं वीतभर, हातभर तुकड्यांनीं विखुरलेलीं असतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांत एक ठिपका म्हणजे १० मीटर लांब व १० मीटर रुंद जागा. तेवढ्यांत दगड, बर्फ व मॉस ह्यांचे रंग मिसळून मॉस दिसेनासें होतें. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या केसी तळाजवळ टास्मानिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं ड्रोन, म्हणजे लहानसें मानवरहित विमान, उडवून मॉसचे नकाशे केले. ४०-५० मीटर उंचीवरून ड्रोननें घेतलेल्या चित्रांत एक ठिपका १-२ सेंटीमीटरांचा असूं शकतो. शिवाय त्या नाजुक मॉसवर कोणाचा पाय पडत नाहीं.

हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें व डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतें. ह्या दोहोंच्या तुलनेनें यंत्र पान ओळखतें. वाळलेलें गवत मात्र ह्या कसोटीस उतरत नाहीं.

आतां आपल्या माळाकडे वळूं. येथें बर्फ नाहीं, पण अडचण तीच. मुरमाड जमीन, तुटपुंजा पाऊस, आणि मधून मधून पवन्या, कुसळी, मारवेल ह्यांचे ठोंब. वैशाखांतलें चित्र येथें कांहीं नाहीं असें सांगेल. भाद्रपदांतलें निराळेंच सांगेल. ह्याच गवतावर धनगरांचीं मेंढरें जगतात; काळवीट, लांडगा, धाविक व चंडोल ह्यांचें घरही असलेंच रान. माळढोकासाठीं १९७९ सालीं सोलापूर व आपल्या जिल्ह्यांत अभयारण्य झालें, तरी तो पक्षी ह्या माळांवरून जवळजवळ नाहींसा झाला.

केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांत झुडपी माळ हाही पडीक जमिनीचाच एक प्रकार धरिला आहे. आमच्या मतें ह्या एका शब्दानें मोठी हानि होते. पडीक म्हटलें कीं नांगर, कारखाना किंवा एकाच जातीच्या झाडांची लागवड तेथें आणावी असें सुचूं लागतें. कारखाने नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीनें कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेविल्या आहेत. परंतु माळाचा निर्णय करण्यापूर्वीं त्याचा नकाशा निदान दोन ऋतूंत ड्रोननें काढावा, व तो ग्रामसभेपुढें ठेवावा. गांवठाणांतील घरांचे नकाशे ड्रोननें काढणारी 'स्वामित्व' योजना २०२० सालीं सुरू झाली. घरासाठीं जें होऊं शकतें, तें गायरानासाठीं कां होऊं नये?

ड्रोन सर्वज्ञ आहे असें मात्र समजूं नये. आकाशांतून ठोंब दिसेल. तो पवन्याचा कीं कुसळीचा, हें जमिनीवर उतरूनच ठरवावें लागतें. हें काम आमचे विद्यार्थी करूं शकतील. दोरीनें एक मीटरचा चौकोन आंखावा, त्यांतील ठोंब मोजावे, नांवें लिहावीं, आणि पावसाळा संपतांना व उन्हाळ्यांत तीच जागा पुन्हा मोजावी. नांवें ठाऊक नसल्यास मेंढपाळास विचारावें. ह्या विषयांत तो आपणां सर्वांचा गुरु आहे.

पालकांस आमची विनंति इतकीच: पुढील ग्रामसभेंत माळाचा विषय निघेल तेव्हां, त्याचा नकाशा झाला आहे काय, एवढें अवश्य विचारावें.